उभे राहणे आणि उभे करणे

राष्ट्रगीताच्या पूर्ण पाठाला सुमारे ५२ सेकंद लागतात, तर केवळ पहिली आणि शेवटची ओळ घेऊन केलेला संक्षिप्त पाठ सुमारे २० सेकंदांत संपतो. एवढ्याशा अवधीवरून गेल्या दोन दशकांत सर्वोच्च न्यायालयापासून चित्रपटगृहातल्या खुर्च्यांपर्यंत जो वाद पेटला, त्याच्या मुळाशी एक साधी गफलत आहे: राष्ट्रगीताचा मान राखणे आणि तो दुसऱ्याला राखायला लावणे या दोन वेगळ्या गोष्टी एकच समजल्या गेल्या. पहिली गोष्ट नागरिकाचे कर्तव्य आहे. दुसरीचा अधिकार कायद्याने शेजारच्या प्रेक्षकाला किंवा जमावाला कधीच दिलेला नाही. मुंबईच्या पूर्व उपनगरांत, चेंबूर आणि त्याला खेटून असलेल्या कुर्ला, घाटकोपर, माहुल या पट्ट्यात, या प्रश्नाचे बरेच पदर हाताच्या अंतरावर सापडतात, म्हणून हा विचार तेथून सुरू करणे योग्य ठरेल.

कायदा प्रत्यक्षात काय म्हणतो हे आधी पाहिले पाहिजे, कारण त्याच्याविषयीचे गैरसमज फार आहेत. राष्ट्रप्रतिष्ठेच्या अवमानास प्रतिबंध करणारा अधिनियम १९७१ चा असून, त्याच्या तिसऱ्या कलमानुसार राष्ट्रगीत गाण्यास जो हेतुपुरस्सर अडथळा आणील किंवा ते गाणाऱ्या सभेत व्यत्यय आणील, त्याला ३ वर्षांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. येथे ‘अडथळा’ आणि ‘व्यत्यय’ हे दोनच शब्द महत्त्वाचे आहेत; उभे न राहणे किंवा न गाणे हा गुन्हा असल्याचे या कलमात कोठेही म्हटलेले नाही. याच अधिनियमाचे दुसरे कलम राष्ट्रध्वज आणि संविधान यांच्या अवमानासंबंधी आहे आणि त्याला जोडलेले स्पष्टीकरण तर मुद्दाम वाचण्यासारखे आहे: संविधानात किंवा ध्वजात कायदेशीर मार्गाने बदल व्हावा म्हणून संविधानावर, ध्वजावर किंवा सरकारच्या एखाद्या उपाययोजनेवर केलेली टीका हा अवमान नव्हे, असे त्यात स्पष्ट नमूद आहे. म्हणजे राष्ट्रीय मानचिन्हांचे रक्षण करण्यासाठी बसलेल्या संसदेनेच त्याच कागदावर टीकाकारासाठी जागा राखून ठेवली. संविधानाच्या अनुच्छेद ५१-क मध्ये राष्ट्रध्वज आणि राष्ट्रगीत यांचा आदर करणे हे मूलभूत कर्तव्य म्हणून सांगितले आहे, परंतु हा अनुच्छेद १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आला आणि त्यातील कर्तव्ये मोडल्याबद्दल स्वतंत्र शिक्षा त्यात ठेवलेली नाही.

चित्रपटगृहात राष्ट्रगीत वाजवण्याची पद्धत १९६२ च्या चीन युद्धानंतरची. त्या वेळी ते चित्रपट संपल्यावर लागत असे, आणि पडद्यावर ‘समाप्त’ची पाटी येताच दाराकडे निघालेले लोक त्याच्यासाठी थांबत नसत, म्हणून १९७५ च्या सुमारास ही पद्धत बंद पडली. महाराष्ट्रात २००३ मध्ये राज्य शासनाने ती पुन्हा आणली, या वेळी चित्रपटाच्या आधी, आणि त्यामुळे मुंबईच्या प्रेक्षकाला हा प्रसंग आता इतका सवयीचा झाला आहे की तो त्याच्या शरीरातच मुरला आहे. चेंबूरच्या एखाद्या मॉलमधल्या चित्रपटगृहात जाहिराती संपून उभे राहण्याची विनंती करणारी पाटी पडद्यावर येते, खुर्च्यांच्या बैठका पाठोपाठ खटाखट उलटतात, हातातला पॉपकॉर्नचा डबा खुर्चीच्या हातावर ठेवायचा की छातीशी धरायचा या संभ्रमात काही जण तसेच उभे राहतात, अंधारात एखादे लहान मूल शाळेच्या सवयीने मोठ्याने गाऊ लागते आणि त्याचा आवाज ऐकून पुढच्या रांगेतले दोन-तीन मोठे ओठ हलवू लागतात. या क्षणात खरा आदर असतो, आणि त्याला कोणाच्या धाकाची गरज पडत नाही.

धाक आला की हाच क्षण कसा बदलतो, ते नोव्हेंबर २०१५ मध्ये चेंबूरला लागून असलेल्या कुर्ल्यात दिसले. तेथील एका मल्टिप्लेक्समध्ये राष्ट्रगीताच्या वेळी बसून राहिलेल्या एका कुटुंबाला इतर प्रेक्षकांनी घेरले, जाब विचारला आणि शेवटी त्या कुटुंबाला चित्रपट न पाहताच बाहेर पडावे लागले. त्याची चित्रफीत देशभर फिरली. पुढच्याच वर्षी, २०१६ मध्ये, पणजीच्या एका चित्रपटगृहात मणक्याच्या दुखापतीमुळे चाकाच्या खुर्चीवर वावरणाऱ्या एका लेखकाला, तो उभा राहत नाही म्हणून, मागे उभ्या असलेल्या अनोळखी प्रेक्षकांनी मारहाण केली. ज्याला उभे राहताच येत नाही त्याच्यावर देशप्रेमाच्या नावाने हात उगारला गेला, ही या सगळ्या वादातली सर्वांत लाजिरवाणी घटना आहे. मारणाऱ्यांना तो माणूस कोण, त्याची प्रकृती कशी, हे विचारण्याचीही उसंत नव्हती. राष्ट्रगीत चालू असताना सावधान उभे राहण्याचा नियम मोडून त्यांनी दुसऱ्याला नियम शिकवला. महाराष्ट्र शासनाने पुढे फेब्रुवारी २०२३ पासून राजा बढे यांच्या गीताला राज्यगीताचा दर्जा दिला, तेव्हा लहान मुले, गरोदर स्त्रिया, आजारी, दिव्यांग आणि वृद्ध यांना उभे राहण्यातून सूट असल्याचे आदेशातच लिहिले. एवढा साधा विवेक पणजीच्या त्या अंधारात कोणाला सुचला नाही.

पणजीच्या घटनेनंतर त्याच वर्षी, ३० नोव्हेंबर २०१६ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने श्याम नारायण चौक्सी यांच्या याचिकेवर अंतरिम आदेश दिला: देशातील प्रत्येक चित्रपटगृहात चित्रपटापूर्वी राष्ट्रगीत वाजवावे, पडद्यावर राष्ट्रध्वज दिसावा, सर्वांनी उभे राहावे आणि त्या वेळी दारे बंद ठेवावीत. अंतरिम आदेश म्हणजे खटल्याचा अंतिम निकाल लागेपर्यंत लागू राहणारी तात्पुरती आज्ञा. त्यातील दारे बंद ठेवण्याच्या अटीने दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाची आठवण अनेकांना झाली, कारण तेथे १३ जून १९९७ च्या आगीत ५९ माणसे गेली होती आणि बाहेर पडण्याच्या वाटा अडलेल्या असणे हे त्या मृत्यूंचे एक मोठे कारण होते. ९ डिसेंबरला न्यायालयाने दारे कड्या लावून बंद करायची नाहीत आणि दिव्यांगांना उभे राहण्यातून सूट आहे असा खुलासा केला, आणि पुढच्या फेब्रुवारीत चित्रपटाच्या कथेतच राष्ट्रगीत आले तर उभे राहण्याची गरज नाही असेही सांगितले. हा शेवटचा मुद्दा नवा नव्हता. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या जुन्या आदेशातच म्हटले आहे की वृत्तपट किंवा माहितीपटाचा भाग म्हणून राष्ट्रगीत लागले तर प्रेक्षकांनी उभे राहणे अपेक्षित नाही, कारण त्याने मान वाढण्याऐवजी गोंधळच होईल.

ऑक्टोबर २०१७ च्या सुनावणीत न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी देशभक्तीचे प्रदर्शन करत फिरण्याची सक्ती नागरिकावर का असावी, असा प्रश्न उघडपणे उपस्थित केला, आणि ९ जानेवारी २०१८ रोजी सरन्यायाधीश दीपक मिश्रा, न्यायमूर्ती अजय खानविलकर आणि न्यायमूर्ती चंद्रचूड यांच्या पीठाने आधीची सक्ती मागे घेतली. चित्रपटगृहात राष्ट्रगीत वाजवणे ऐच्छिक झाले. मात्र ते वाजले तर त्याचा आदर राखला पाहिजे, ही अपेक्षा कायम राहिली. आपल्याच अंतरिम आदेशात न्यायालयाने सुमारे १३ महिन्यांत केलेला हा बदल या वादातली सर्वांत आश्वासक गोष्ट म्हणावी लागेल, कारण त्यात सक्तीची मर्यादा खुद्द सक्ती करणाऱ्या संस्थेने ओळखली.

वास्तविक या प्रश्नाचे उत्तर त्याच न्यायालयाने या आदेशांच्या सुमारे ३० वर्षे आधीच देऊन ठेवले होते. केरळमध्ये ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथातील तीन भावंडे शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी राष्ट्रगीताला आदराने उभी राहत, परंतु परमेश्वराखेरीज कोणाचीही स्तुती न गाण्याच्या श्रद्धेमुळे ती गात नसत. जुलै १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढण्यात आले. बिजो इमॅन्युएल खटला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात ११ ऑगस्ट १९८६ रोजी न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी आणि न्यायमूर्ती दत्त यांनी मुलांना परत घेण्याचा आदेश दिला, कारण कोणालाही गाण्यास भाग पाडणारी तरतूद कायद्यात नाही आणि शांतपणे उभे राहणे हाही आदरच आहे. अमेरिकेत त्याच पंथाच्या मुलांसंबंधी अशाच वादाचा निकाल १९४३ मध्ये, म्हणजे दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, मुलांच्या बाजूने लागला होता.

तरीही अमेरिकेचे उदाहरण भारताला जसेच्या तसे लावणे चुकीचे होईल, आणि हा फरक नीट समजून घेण्यासारखा आहे. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस या कृष्णवर्णीय धावपटूंनी विजयमंचावर राष्ट्रगीत वाजत असताना काळे हातमोजे घातलेली मूठ उंचावली. २०१६ मध्ये कॉलिन केपरनिक या अमेरिकन फुटबॉलपटूने राष्ट्रगीताच्या वेळी आधी बसून आणि पुढे एक गुडघा टेकून पोलिसांच्या वर्णद्वेषी वागणुकीचा निषेध केला. तेथील निषेधकर्ता राष्ट्रगीताचा क्षणच निषेधासाठी निवडतो. भारतात, विशेषतः महाराष्ट्रात, आंदोलकाने बहुधा उलटी वाट धरली: तो राष्ट्रगीत आपल्या मोर्चात घेऊन आला. १९ डिसेंबर २०१९ रोजी नागरिकत्व दुरुस्ती कायद्याच्या विरोधात मुंबईच्या ऑगस्ट क्रांती मैदानावर हजारो लोक जमले, तेव्हा त्यांच्या हातांत तिरंगे आणि संविधानाची उद्देशिका होती आणि गळ्यांत राष्ट्रगीत होते. याचे कारण इतिहासात आहे. हे गीत पहिल्यांदा गायले गेले ते २७ डिसेंबर १९११ रोजी काँग्रेसच्या कलकत्ता अधिवेशनात, राष्ट्र स्वतंत्र होण्याच्या ३५ वर्षांहून अधिक आधी. ते राजवाड्यात किंवा छावणीत न जन्मता परकीय सत्तेखालच्या एका मंडपात पहिल्यांदा उमटले, म्हणून दाद मागणारा माणूस आणि हे गीत एकाच घरातले आहेत.

राष्ट्रीय गीतासाठी निषेध करणारा एक मोठा माणूस तर मराठी संगीतानेच दिला. मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर यांनी ‘वंदे मातरम्’ झिंझोटी रागात बांधले. ब्रिटिश अमदानीत मुंबई नभोवाणीवर त्यांचे हे गीत चालू असताना मध्येच तोडले गेले, तेव्हा त्यांनी नभोवाणीवर गाणेच सोडले आणि स्वातंत्र्य येईपर्यंत हा बहिष्कार पाळला. एका गायकाने आपल्या उपजीविकेचे आणि कीर्तीचे मोठे साधन गीताच्या मानासाठी दूर सारले. त्याने ऐकणाऱ्या कोणालाही वेठीस धरले नाही, जे सोसले ते स्वतः सोसले. पुढे ‘वंदे मातरम्’ला राष्ट्रगीताचे स्थान मिळावे म्हणून, ते बँडवर वाजत नाही हा आक्षेप खोडण्यासाठी त्यांनी वाद्यवृंदाला झेपेल अशी त्याची चाल तयार करून दिल्लीत राष्ट्रनेत्यांसमोर ऐकवली. निर्णय मात्र वेगळा झाला. १९४७ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत भारताचे राष्ट्रगीत कोणते अशी विचारणा झाली, तेव्हा शिष्टमंडळाजवळ ‘जन गण मन’ची ध्वनिमुद्रिका होती, तेथील वाद्यवृंदाने ती बसवून वाजवली आणि ती सर्वांना आवडली, ही हकीकत नेहरूंनी पुढच्या वर्षी सांगितली होती. २४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेत राजेंद्रप्रसादांनी ‘जन गण मन’ हे राष्ट्रगीत असल्याचे आणि ‘वंदे मातरम्’ला समान मान असल्याचे जाहीर केले. त्या दिवशी या प्रश्नावर मतदान झाले नाही, ठरावही मांडला गेला नाही. अध्यक्षांचे निवेदन झाले आणि तेच मान्य झाले.

चेंबूरच्या शेजारी घाटकोपरच्या चिरागनगरमध्ये ज्यांनी आयुष्याचा मोठा काळ काढला, त्या अण्णा भाऊ साठे यांचे उदाहरण याहून अवघड आहे. १५ ऑगस्ट १९४७ चा जल्लोष विरतो न विरतो तोच, दुसऱ्या दिवशी, त्यांनी मुंबईत मोर्चा काढला आणि जनता उपाशी असताना हे स्वातंत्र्य खोटे आहे असा घोष केला. आजच्या मोजपट्टीने त्या मोर्चाला देशद्रोही ठरवायला एक मिनिटही लागले नसते. पण गिरणी कामगार म्हणून हाडे झिजवलेल्या, शाळेत टिकू न शकलेल्या त्या शाहिराचे म्हणणे देशाविरुद्ध नव्हते. स्वातंत्र्य आपल्या वस्तीच्या नळापर्यंत, भाकरीपर्यंत पोहोचले पाहिजे, हा त्याचा हट्ट होता. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्याच शाहिराच्या आवाजाने लोक पेटून उठले, आणि १ ऑगस्ट २००२ रोजी भारताच्या टपाल खात्याने त्यांच्या नावाचे तिकीट काढले. राष्ट्र आपल्या टीकाकाराला असे पोटात घेते, तेव्हा ते मोठे होते.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही येथे नोंदवले पाहिजे, आणि ते खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे असल्यामुळे ते टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात त्यांनी सांगितले की घटनात्मक मार्ग खुले झाल्यावर सत्याग्रह, असहकार आणि कायदेभंग ही साधने सोडून दिली पाहिजेत, कारण ती अराजकाची वाट आहेत. त्याच भाषणात त्यांनी राजकारणातली व्यक्तिभक्ती अधोगतीकडे नेते हेही बजावले. ही दोन वाक्ये एकत्र वाचली की कळते की त्यांचा आक्षेप निषेधाला नव्हता, कायदा मोडण्याला होता. मत मांडणे, सभा घेणे, न्यायालयात जाणे हे सगळे मार्ग त्यांनीच घटनेत उघडून ठेवले होते. चेंबूरच्या माहुलमधील पुनर्वसन वसाहतीत पाठवलेल्या कुटुंबांनी २०१८ मध्ये तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या प्रदूषणाविरुद्ध विद्याविहारच्या पदपथावर महिनोन्महिने ठाण मांडले आणि त्याच वेळी उच्च न्यायालयाची पायरीही चढली. २०१९ मध्ये न्यायालयाने त्यांना पर्यायी घरासाठी महिना १५,००० रुपये भाडे देण्याचे निर्देश शासनाला दिले. मराठी आंदोलनांनी धरणे आणि याचिका या दोन्हींची सांगड अशी पुष्कळदा घातली आहे.

निषेध म्हणजे देशद्रोह नव्हे, हे न्यायालयांनीही ओळखले. २०११ च्या भ्रष्टाचारविरोधी आंदोलनाच्या काळात संसद आणि राजमुद्रा यांवर बोचरी व्यंगचित्रे काढणाऱ्या असीम त्रिवेदी यांना सप्टेंबर २०१२ मध्ये मुंबईत अटक झाली आणि त्यांच्यावर राजद्रोहासह राष्ट्रप्रतिष्ठेच्या अवमानाचा आरोप ठेवला गेला. मार्च २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले की त्या चित्रांत विनोदाचा अंश नाही, संताप आहे, पण केवळ तेवढ्याने राजद्रोह होत नाही. हिंसेची चिथावणी असल्याशिवाय ते कलम लावता येत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याच न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठासमोर बीड जिल्ह्यातील माजलगावचे प्रकरण आले. तेथील काही नागरिकांना नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्ध जुन्या ईदगाह मैदानावर बेमुदत धरणे धरायचे होते आणि प्रशासनाने परवानगी नाकारली होती. न्यायमूर्ती नलावडे आणि न्यायमूर्ती सेवलीकर यांनी तो आदेश रद्द केला आणि एका कायद्याला विरोध केल्याने कोणी गद्दार किंवा देशद्रोही ठरत नाही, असे निःसंदिग्ध शब्दांत लिहिले. या देशाला स्वातंत्र्यच अहिंसक आंदोलनांमुळे मिळाले, याची आठवण करून द्यायलाही ते विसरले नाहीत. मोठ्या शहरांतल्या गाजलेल्या खटल्यांपेक्षा माजलगावचा हा निकाल अधिक लोकांनी वाचायला हवा, कारण तो तालुक्याच्या गावातल्या एका मैदानाविषयी आहे आणि नागरिकाचे बहुतेक आयुष्य अशाच मैदानांवर जाते.

राष्ट्रगीत कोणाचे, या प्रश्नाचे एक उत्तर चेंबूर कॅम्पात मिळते. फाळणीनंतर कराचीहून आणि सिंधमधल्या गावांतून निघालेली हजारो कुटुंबे मुंबईच्या बंदरात उतरली आणि त्यांतील अनेकांना येथील बराकींत आसरा मिळाला. सगळे गमावून आलेल्या या लोकांनी येथे दुकाने थाटली, मिठाईचा धंदा उभारला, आणि १९६२ मध्ये हशू अडवाणी यांनी विवेकानंद एज्युकेशन सोसायटीची स्थापना करून चेंबूरच्या दोन पिढ्यांच्या शिक्षणाची सोय केली. ज्या प्रांतातून ते आले तो परक्या देशात गेला, पण त्याचे नाव राष्ट्रगीतात राहिले. ते काढून तेथे काश्मीरचे नाव घालावे अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा मे २००५ मध्ये ती फेटाळताना न्यायालयाने सांगितले की गीतातला सिंध हा शब्द केवळ नकाशावरच्या भूभागाचा वाचक नाही. त्यात सिंधी लोक आहेत, त्यांची संस्कृती आहे. ज्या १९११ साली हे गीत प्रथम गायले गेले, त्या साली तर सिंध मुंबई इलाख्याचाच भाग होता आणि तो १९३६ मध्ये वेगळा झाला. चेंबूर स्थानकाच्या परिसरात सकाळी शाळांचे परिपाठ सुरू होतात, तेव्हा मराठी, सिंधी आणि तमिळ घरांतली मुले एकाच रांगेत सावधान उभी असतात, आणि गीतात मराठा, सिंध आणि द्राविड हे शब्द येतात तेव्हा त्या रांगेतल्या प्रत्येकाच्या घरचे नाव घेतले जाते.